समुद्र कुठं हाय, बाप्पा?

नागपूर ते मडगाव : तेराशेच्या आसपास किलोमीटर, सव्वीस तास, एक खिडकी आणि शेजारी वहीत रेघा ओढणारे भिवापूरचे मामा. कोकण रेल्वेची सफर करायची असेल तर ती अशीही करता येते...

गोव्याचा प्लॅन ठरतो तो कॉफी मशीनपाशी. तारखा ठरतात, व्हिला ठरतो, कोण कोणाच्या खोलीत घोरणार हेही ठरतं. 'जायचं कसं' या प्रश्नावर मात्र कोणी दोन मिनिटंही घालवत नाही. फ्लाइट! दोनेक तासांत गोवा. ग्रुपमधला एखादा चुकून 'ट्रेन' म्हणालाच, तर बाकीचे त्याच्याकडे असे बघतात जणू त्यानं बैलगाडी सुचवली.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. सव्वीस तासांत आपल्या तीन शिफ्ट, चार मीटिंग आणि एक अख्खी वेब सिरीज उरकते. शिवाय सुट्ट्या मोजून मापून मिळालेल्या. पण विमानातून कोकण दिसतं ते हिरव्या डागासारखं, तेही मधे ढग आले नाहीत तर! तेच कोकण गाडीच्या खिडकीतून अख्खा दिवसभर तुमच्या शेजारून चालत असतं. नद्या, खाड्या, कापलेले डोंगर, भाताची खाचरं, कौलारू घरं आणि बोगदे... बोगद्यांवर बोगदे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, नंतर भांडण नको. कोकण रेल्वेतून समुद्र दिसत नाही. निदान रोह्यापासून मडगावपर्यंत तरी जवळजवळ नाहीच. पोस्टरवर लाटा असतात, रीलमध्ये नारळाची झाडं असतात, आणि गाडी मात्र समुद्रापासून अंतर राखून पळत असते. तरीही आपल्या देशातल्या सगळ्यात देखण्या रेल्वेमार्गांत तिचं नाव घेतलं जातं. का, ते कळण्यासाठी मला एका अशा माणसाबरोबर प्रवास करावा लागला, ज्याला सीनरीत काडीचाही इंटरेस्ट नव्हता!

छोट्या गाडीचं गाव

हे गृहस्थ म्हणजे माझे मामा. मामा भिवापूरचे. नागपूरपासून ऐंशीएक किलोमीटरवर, उमरेडच्या पुढे, गडचिरोलीच्या वाटेवर हे तालुक्याचं गाव. तुम्ही कधी गेला नसाल, पण घरातल्या तिखटाच्या डब्याला ते ठाऊक असण्याची शक्यता आहे. भिवापुरी मिरची! रंगाला लालभडक, भौगोलिक मानांकन मिळालेली. मामांचीही थोडी मिरची, थोडं सोयाबीन.

मामांची मुलगी, म्हणजे माझी मामेबहीण, नर्स आहे. लग्नानंतर नोकरी मिळाली ती थेट सिंधुदुर्गात, कुडाळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये ताईला सातवा महिना होता. मामी हटून बसलेली, पहिलं बाळंतपण माहेरीच. जावयांचं म्हणणं, एवढा प्रवास तिला झेपणार नाही. डॉक्टर म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा. घरात फोनवर फोन, रुसवे, अश्रू, सगळं झालं. शेवटी मामांनी तोडगा काढला.

"मी सोता जाऊन पाहतो. जशी गाडी असन तसं सांगतो."

म्हणजे मामा मुलीला भेटायला निघाले होतेच, पण त्याआधी ते या प्रवासाची तपासणी करणार होते. मिरचीच्या हिशेबाची वही सोबत घेतली. एका पानावर तीन रकाने : हादरे, थांबे, संडास. आपल्या ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर ऑडिट! मला गोव्यात एक काम होतं, म्हणून मी बरोबर.

खरं तर भिवापूरला स्वतःची रेल्वे होती. नागपूरच्या इतवारी स्टेशनातून निघून उमरेड, भिवापूर करत नागभीडला जाणारी नॅरोगेज. ब्रिटिश काळात बंगाल नागपूर रेल्वेनं सातपुडा आणि झाडीपट्टीच्या भागात छोट्या रुळांचं जे जाळं विणलं, त्यातलाच हा शंभरेक किलोमीटरचा धागा. दोन रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट. डबे खेळण्यातल्यासारखे, वेग सायकलवाल्याला हुरूप यावा असा. पण तिकीट बसच्या मानानं नगण्य, आणि डब्यात भाजीच्या टोपल्यांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत सगळ्यांना जागा. उमरेड-कऱ्हांडल्याच्या जंगलाजवळून ती जायची. जपानी पर्यटक कॅमेरे घेऊन येतील अशी सीनरी, पण ती 'सीनिक ट्रेन' आहे असं भिवापुरात कोणी कधी म्हटलं नाही. तिला नुसतं 'छोटी गाडी' म्हणायचे. ताईचा जन्म नागपूरच्या दवाखान्यातला. मामी दहा दिवसांचं बाळ पदराखाली घेऊन याच गाडीनं घरी आली होती.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ही गाडी बंद झाली. मार्ग ब्रॉडगेज करायचा म्हणून. चांगल्याच कारणासाठी. पण ताईच्या वेळी, चार वर्षांनंतरही, भिवापुरातून निघायचं तर रस्त्यानंच जावं लागत होतं.

तर आम्ही सकाळची एसटी पकडली. मामा खिडकीशी वही घेऊन बसले. प्रत्येक गतिरोधकाला एक रेघ, मोठा हादरा असेल तर दोन. नागपूर येईपर्यंत पान भरत आलं होतं. मोजल्या तर सेहेचाळीस!

पाठीखालची ती गादी

नागपूर-मडगाव अशी विशेष गाडी २०२२ पासून आठवड्यातून दोनदा सोडली जाऊ लागली. दुपारी तीनच्या सुमारास नागपूर सोडायची, वर्धा, बडनेरा, अकोला, शेगाव, भुसावळ, नाशिक, कल्याण करत पहाटे पनवेलला पोहोचायचं आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मडगाव. विदर्भातल्या माणसाला कोकणात जायला मुंबईत सामान घेऊन धावाधाव करायची गरज नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे या वेळापत्रकात कोकण रेल्वेचा सगळा भाग येतो दिवसाउजेडी. सीनरीसाठी यापेक्षा चांगली वेळ मागूनही मिळणार नाही.

आमचं तिकीट स्लीपरचं. मामांनी आधी बर्थ दाबून पाहिला. मग पाठीवर आडवे झाले, कुशीवर वळले, उठून बसले. समोरच्या वरच्या बर्थवरचा इंजिनीअरिंगचा मुलगा हेडफोन काढून बघायला लागला.

"नरम हाय," मामा म्हणाले आणि वहीत लिहिलं.

या नरमपणामागे एक माणूस आहे आणि तो कोकणचा खासदार होता. प्रा. मधु दंडवते १९७१ ते १९९० राजापूरमधून लोकसभेवर निवडून येत होते. १९७७ ते १९७९ या काळात ते रेल्वेमंत्री होते. त्याआधी दुसऱ्या वर्गाचा स्लीपर म्हणजे निव्वळ लाकडी फळी. त्यावर गादी आली ती दंडवत्यांच्या कारकिर्दीत. नागपूरवरून मुंबई-हावडा धावणारी गीतांजली एक्स्प्रेस हीसुद्धा त्यांच्याच वेळची, डिसेंबर १९७७ची. पहिला वर्गच नसलेली गाडी! साधा प्रवासी आडवा होतो, त्याचीही पाठ दुखते, एवढी साधी गोष्ट रेल्वेच्या लक्षात यायला स्वातंत्र्यानंतर तीस वर्षं लागली.

आणि कोकण रेल्वे व्हावी म्हणून आयुष्यभर झगडलेल्यांतही दंडवत्यांचं नाव येतं. अ. ब. वालावलकर, बॅरिस्टर नाथ पै, मग दंडवते... किती तरी वर्षं कोकणी माणूस मागत राहिला आणि 'डोंगर आहेत, नद्या आहेत, परवडणार नाही' असं उत्तर ऐकत राहिला. १९८९ मध्ये व्ही. पी. सिंह यांचं सरकार आलं. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. तेव्हा कुठं फाइल हलली. १९९० मध्ये स्वतंत्र कॉर्पोरेशन स्थापन झालं. निम्म्याहून थोडा जास्त वाटा रेल्वेचा, बाकीचा महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचा, आणि उरलेला मोठा पैसा बाजारातून बाँड काढून उभारलेला. प्रमुख होते ई. श्रीधरन, पुढे दिल्ली मेट्रोमुळे देशभर माहीत झालेले.

हे सगळं मी मामांना सांगत होते, तोवर शेगाव आलं. कचोरी आली. दंडवते मागे पडले.

अन् समुद्र?

कसाऱ्याचा घाट झोपेतच उतरला. पनवेल सुटल्यावर उजाडलं. मामा तोंड धुऊन, चहा घेऊन पुन्हा खिडकीशी. रोहा आलं. इथून कोकण रेल्वे सुरू होते आणि मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत जाते. सुमारे ७४० किलोमीटर. कुंडलिका गेली, माणगाव गेलं, वीर गेलं. सावित्री आली, भरलेली, तांबूस. दोन्ही बाजूंना पिकायला आलेलं भात, बांधांवर उंच गवत, मधेच एखादं सोनकीचं पिवळं पठार. माझा फोन फोटोंनी भरायला लागला.

मामा तासभर गप्प होते. मग विचारलं, "समुद्र कुठं हाय, बाप्पा?"

"उजवीकडे. पण लांब आहे, मामा. दिसणार नाही."

"मंग कोकण गाडी कायले म्हणतात?"

प्रश्न रास्त होता! उत्तर नकाशात आहे. कोकण म्हणजे सह्याद्री आणि समुद्र यांच्यात चेपलेली चिंचोळी पट्टी. सह्याद्रीतून निघालेली प्रत्येक नदी ही पट्टी आडवी कापत समुद्राला मिळते, आणि दोन नद्यांच्या मधे सह्याद्रीचा एक-एक सोंडेसारखा डोंगर पश्चिमेला आलेला. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे जायचं तर नदी, डोंगर, नदी, डोंगर असं ओलांडतच जावं लागतं. किनाऱ्यालगत जावं तर खाड्यांची तोंडं अफाट रुंद. सह्याद्रीला चिकटून जावं तर घाटाचे चढ. म्हणून इंजिनीअर मधूनच गेले. डोंगर आला की बोगदा, पाणी आलं की पूल.

आणि तेही असेतसे नाही. गाड्यांचा वेग ताशी १६० किलोमीटरपर्यंत नेता यावा, या हिशेबानं मार्ग आखला होता. त्यासाठी चढ १५० मीटरला एक मीटरपेक्षा जास्त नको आणि वळणाची त्रिज्या सव्वा किलोमीटरपेक्षा कमी नको, अशी अट घालून घेतली. डोंगराळ मुलखात अशी अट घालणं म्हणजे नागपूरच्या मे महिन्यात स्वेटर घालून फिरण्यासारखं. परिणाम? ९१ बोगदे, त्यांची एकूण लांबी ८४ किलोमीटरच्या आसपास, आणि लहान-मोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. आठ वर्षांत! २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावरून गाडी धावली.

मामांना या आकड्यांपेक्षा वही पुरेशी होती. रोह्यानंतर 'हादरे' या रकान्यात रेघाच पडत नव्हत्या. नद्या आणि डोंगर ओलांडणारी गाडी पाण्यावरून बोट जावी तशी चालली होती.

"इकडं तर झोप लागते," ते काहीसे नाराजीनं म्हणाले. मामीच्या बाजूनं पारडं झुकत होतं ना!

काळोखाचे मिनिट आणि उजेडाचे सेकंद

खेडची जगबुडी, चिपळूणची वाशिष्ठी, संगमेश्वरची शास्त्री. नावं तरी किती देखणी! चिपळूणपासून पुढे सीनरीचा खेळच बदलतो. बोगद्यात शिरलं की खिडकी आरसा होते, त्यात आपलाच अवतार दिसतो. बाहेर पडलं की हिरवं काहीतरी डोळ्यांवर आदळतं, क्षणभर एक दरी, खाली एक देऊळ, आणि लगेच पुन्हा काळोख. उक्षी आणि भोके या स्टेशनांमधला करबुडे बोगदा तर साडेसहा किलोमीटरचा. काश्मीरमधला पीर पंजाल बोगदा २०१३ मध्ये सुरू होईपर्यंत रेल्वेचा देशातला सगळ्यात लांब बोगदा हाच होता. आत शिरल्यावर डब्यातली सगळी पोरं ओरडायला लागली. एक मिनिटानं थकली. तिसऱ्या मिनिटाला सगळा डबा चिडीचूप. कोकणच्या पोटात आपण किती आत आलोय, ते तेव्हा कळतं.

रत्नागिरी सुटल्यावर मात्र मोबाइल तयार ठेवा. निवसरच्या आधी पानवल नदीवरचा पूल येतो. लांबी सव्वाचारशे मीटर, उंची ६४ मीटर. म्हणजे वीस मजली इमारतीच्या गच्चीवरून गाडी चाललीय असं समजा. पुलाचे भाग एका टोकाला तयार करून पुढे पुढे ढकलत नेण्याचं तंत्र भारतात पहिल्यांदा इथंच वापरलं गेलं. वरून जाताना पूल दिसत नाही, फक्त खालचं जग एकदम लहान होतं. माडांची झुडपं झालेली. मामांनी एकदा खाली पाहिलं आणि बर्थची साखळी पकडली.

याच रत्नागिरी स्टेशनाजवळ 'श्रमशक्ती' नावाचं एक स्मारक आहे. हा मार्ग बांधताना जे कामगार गेले, त्यांचं. दरडी, बोगद्यातली ढासळलेली माती, पूर... आपल्या रीलमधल्या प्रत्येक बोगद्यामागे अशी काही नावं आहेत. गाडी रत्नागिरीला बऱ्यापैकी थांबते. वडापाव घ्यायला उतरलात तर एवढं आठवावं, इतकंच.

सीनरीची किंमत

कोकणचा डोंगर कापला म्हणून गप्प बसत नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर सुट्टीची विशेष गाडी आदळली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ ला, करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेसला असाच अपघात झाला. त्यानंतर कापलेल्या डोंगरांवर जाळ्या आल्या, उतार कमी केले गेले, पावसाळ्यात रात्रंदिवस रुळांवरून चालणारी माणसं वाढली. दर पावसाळ्यात इथलं वेळापत्रकच वेगळं असतं. गाड्या मुद्दाम हळू चालवतात. आपण 'काय स्लो गाडी आहे' म्हणून वैतागतो तेव्हा कोणीतरी कंदील आणि छत्री घेऊन पुढचे रूळ बघून आलेला असतो.

तरीही निसर्ग अधूनमधून हिशेब मागतो. ऑगस्ट २०२० मध्ये गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याची भिंत ढासळली. जुलै २०२४ मध्ये त्याच बोगद्यात पाणी शिरलं आणि वाहतूक थांबली. म्हणून पावसाळ्यात ही सफर करायची असेल तर परतीच्या दिवशी 'शार्प दहा'ला मीटिंग ठेवू नका!

आणखी एक किंमत आहे, ती खिडकीतून दिसत नाही. या मार्गासाठी चाळीस हजारांहून जास्त लोकांच्या जमिनी गेल्या. कोकणात जमीन म्हणजे पाच गुंठे, चार कलमं आणि तीन भावांची नावं. गोव्यात तर मार्ग कुठून न्यायचा यावरून मोठं आंदोलन झालं. तिथली खाजण जमीन, म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेती, भरावानं बुडेल ही भीती होती. १९९३ मध्ये काम थांबवून न्यायमूर्ती ओझा आयोग नेमावा लागला होता.

हे ऐकून मामा पहिल्यांदाच सीनरीकडे वळले. रुळांना चिकटून एक घर, घरामागे भाताचं खाचर, खाचराचा अर्धा भाग भरावाखाली गेल्यासारखा.

"याची गेली असन," ते म्हणाले. "पर याले ठेसन तरी भेटलं."

राजापूर रोडच्या अलीकडे एका छोट्या स्टेशनात गाडी उभी राहिली. क्रॉसिंग. रोहा ते वीर हा तुकडा २०२१ मध्ये दुहेरी झाला, पण बाकी बहुतेक मार्ग एकेरी. समोरून गाडी येईपर्यंत थांबायचं. डब्यातले दोन कॉर्पोरेट चेहरे घड्याळं बघत होते. मी खाली उतरले. प्लॅटफॉर्मवर कोणी नव्हतं. जांभ्या दगडाची इमारत, कुंड्यांत जास्वंद, लांब कुठंतरी एक गाय. असली शांतता आपण रिसॉर्टमध्ये रात्रीचे आठ हजार देऊन विकत घेतो! मामांनी 'थांबे' या रकान्यात एक रेघ ओढली आणि पुढे कंसात लिहिलं : हवा चांगली.

कुडाळचा निकाल

दुपार टळता टळता कुडाळ आलं. ताई प्लॅटफॉर्मवर उभी होती, जावई शेजारी. मामा उतरले, पिशव्या उतरल्या. तिखट, सांडगे, मामीनं बांधून दिलेले डिंकाचे लाडू. रडारड झाली नाही. मामांनी तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि प्लॅटफॉर्मवरच वही उघडली.

गाडी तिथं दोन-तीन मिनिटंच थांबते, त्यामुळे निकाल मी दारात उभी राहून ऐकला.

"गाडीनं काही तरास नाही. गादी नरम हाय, हादरे नाही. पर नागपूर उतरलं का पुढं दोन-अडीच तास बस. तिथं सेहेचाळीस रेघा हायेत. तू नको येऊ. तुह्या आईलेच पाठवतो इकडं."

ताई हसली. गाडी हलली.

तेराशे किलोमीटरचा प्रवास पास झाला होता. नापास झाले ते घराजवळचे ऐंशी! सह्याद्रीचे डोंगर, दोन हजार पूल, साडेसहा किलोमीटरचा काळोख, हे सगळं एका गरोदर बाईला झेपण्यासारखं. कारण कधीकाळी कोणीतरी ठरवलं की हा मार्ग चढाचा नको, वळणाचा नको आणि बर्थवर फळी नको. मामी डिसेंबरमध्ये याच गाडीनं कुडाळला गेली. जानेवारी २०२४ मध्ये मुलगी झाली. आता घरात नवा वाद आहे, नातीला पहिल्यांदा तिखट कोणी चाखवायचं.

शेवटी पाणी दिसलंच

कुडाळनंतर मी एकटीच. सावंतवाडी, मडुरे, मग पेडण्याचा तो बदनाम बोगदा आणि गोवा. थिवी सोडल्यावर डब्यात पुन्हा हालचाल सुरू होते, बॅगा खाली येतात, लोकांचं खिडकीकडे लक्षच नसतं. नेमकी हीच चूक करू नका. आधी मांडवी येते आणि करमळीनंतर झुआरी. मोठ्या, संथ, रुंद. संध्याकाळचं ऊन तिरपं पडलेलं, पाण्यावर बार्ज, काठाला खारफुटी आणि खाजणांचे बांध. हा समुद्र नव्हे, पण समुद्र इथं आत आलेला असतो. भरतीचं पाणी आहे ते. इतक्या बोगद्यांनंतर एवढं मोकळं आकाश बघून उगाचच छाती भरून येते.

दोन दिवसांनी मामांचा फोन आला. जावयांनी त्यांना वेंगुर्ल्याला नेलं होतं.

"पाह्यला समुद्र. लय मोठा हाय. पर खारा! मिरचीले काय कामाचा?"

मग थोडं थांबून म्हणाले, "आपल्याकडं गाडी सुरू झाली का तू बी लिहिजो. खिडकीतून काय दिसते ते."

लिहीन की. इतवारी ते नागभीड हा मार्ग मोठा करताना वन्यजीवप्रेमींनी आक्षेप घेतले होते, कारण हा वाघांचाही रस्ता आहे. ते आक्षेप खोटे नाहीत. कोकणात डोंगरांनी, खाजणांनी आणि पाच गुंठेवाल्यांनी जी किंमत मोजली, तशी इथं जंगलाला मोजावी लागू नये. पण मिरचीची पोती, कॉलेजची पोरं आणि माहेरी येणाऱ्या लेकी यांनाही बिनरेघांचा प्रवास मिळायला हवा. सीनरी काय, ती आपोआप येते. लोकांना कुठंतरी पोहोचायचं असतं म्हणून रूळ टाकतात, आणि आपल्यासारखे त्यातून फोटो काढतात.

जायचं असेल तर...

* नागपूर-मडगाव ही विशेष गाडी ठरावीक मुदतीसाठी जाहीर होते आणि मुदत वाढत जाते. ती सुरू आहे का आणि कोणत्या वारी, हे आधी तपासा. नसेल तर रात्रीच्या गाडीनं मुंबई गाठा आणि दुसऱ्या दिवशी सकाळची कोकणची गाडी घ्या.

* मुंबईहून बरेच पर्याय आहेत. जेवणावर प्रेम असेल तर मांडवी एक्स्प्रेस, तिच्या पॅन्ट्रीचे चाहते फार. मोठ्या काचांचा विस्टाडोम डबा जनशताब्दीला २०१७ मध्ये पहिल्यांदा लागला. घाई असेल तर जून २०२३ मध्ये सुरू झालेली वंदे भारत. पण उघड्या खिडकीची मजा स्लीपरमध्येच!

* गोव्याकडे जाताना सह्याद्री डावीकडे, समुद्राची बाजू उजवीकडे. खाड्या दोन्ही बाजूंनी दिसतात, त्यामुळे खिडकीवरून मारामारी नको. अर्ध्या वाटेत जागा बदला.

* दूधसागर धबधबा या मार्गावर नाही. तो कॅसलरॉक-कुळे मार्गावर आहे. गाडीत बसल्यावर हे विचारू नका, कोकणी माणूस हसतो.

* सगळ्यात सुंदर काळ : पाऊस ओसरतानाचा, म्हणजे सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. गणपतीच्या आठवड्यात मात्र तिकिटाचं स्वप्नही पाहू नका. ती गाडी चाकरमान्यांची.

* गोव्याच्या पुढे सुट्टी उरली असेल तर कारवारकडे जा. काळी नदी, अंकोला, गोकर्ण, होन्नावरला शरावतीवरचा दोन किलोमीटरहून लांब पूल.

* आणि गोवा लांब वाटत असेल, तर नागपुरातच मोतीबागला डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालेलं नॅरोगेज रेल्वे म्युझियम आहे. भिवापूरची छोटी गाडी कशी होती ते बघायचं असेल, तर एखादा रविवार तिथं घालवा. लहान मुलं असतील तर सोबत न्याच.